चालणं जमलं, आरशाचं काय?



अपघातात पाय जातो… कधी मधुमेहामुळे जातो.
जखम भरते. कृत्रिम पाय बसतो. चालणंही जमतं.
पण तो माणूस स्वतःच्या शरीराकडे कसा पाहतो?
हे मोजता येतं… हो, मोजता येतं.

१९९७ साली जेम्स ब्रेकी यांनी त्यासाठी एक प्रश्नावली मांडली.
प्रश्न अवघे २०. आणि अगदी साधे.
मोठ्या आरशासमोर जाणं टाळता का?
पाय दिसेल म्हणून अर्धी चड्डी घालत नाही का?

प्रत्येक उत्तराला एक ते पाच गुण.
एकूण गुण जास्त, तर मनातली अस्वस्थता जास्त.
इथे जास्त गुण म्हणजे पहिला नंबर नव्हे, बरं का!

आता मला सांगा…
नऊवारी नेसणाऱ्या आजींना अर्ध्या चड्डीबद्दल विचारून काय कळणार?
त्यांना विचारावं, हळदीकुंकवाला जाता का?
पंगतीला बोलावलं, तर काय कारण सांगता?
माणूस बघून प्रश्न बदलायलाच हवेत.

चालणं तपासतो, तशी मनातली अस्वस्थताही मोजता येते.
गुण जास्त आले, तर समुपदेशकाशी गाठ घालून द्यायची.
काही महिन्यांनी तेच प्रश्न पुन्हा विचारायचे…
आणि आकडा उतरला का, ते बघायचं.