गुडघा तिचा, निर्णय तिचा

(रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संस्थेच्या पंचवीस वर्षांवर बोलणारे आज बरेच आहेत. मला सेक्रेटरी साहेब म्हणाले, "ताई, तुम्ही पोरीच्या गुडघ्यावर बोला. अख्खं ले-आउट तेच विचारतं." खरं आहे. दूध आणायला निघालं तरी प्रश्न येतो, "काहून वो ताई, केलं का ऑपरेशन?" तर आज सगळ्यांना एकदमच सांगते.

माझी लेक एकोणीस वर्षांची. कबड्डी खेळते आणि पोलीस भरतीची तयारी करते. सामन्यात चढाई करून परत फिरताना तिचा पाय जागेवर रोवला गेला आणि गुडघा पिळला. संध्याकाळपर्यंत तो नारळाएवढा सुजला. एमआरआयमध्ये निघालं की एसीएल नावाचं लिगामेंट पूर्ण तुटलंय. मांडीचं आणि नडगीचं हाड गुडघ्याच्या आत बांधून ठेवणारी ही एक दोरी. सरळ चालताना तिची फारशी आठवण येत नाही. झटकन वळताना, उडी मारून उतरताना ती लागते. थंड देशांत बर्फावर स्कीइंग करणाऱ्यांची ही नेहमीची दुखापत. आपल्याकडे ती कबड्डीच्या मैदानात होते.

आता पंचाईत अशी, की एक डॉक्टर म्हणाले, "तरुण आहे, खेळाडू आहे, ऑपरेशन करून टाका." दुसरे म्हणाले, "आधी तीन महिने मनापासून व्यायाम करा, मग बघू." शेजारच्या आजी म्हणाल्या, "चाकू लावू नको बाई." पोरं म्हणाली, "विनेश फोगटनं केलं ना!" तेही खरं. 2016 च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये विनेशचा गुडघा गेला, ऑपरेशन झालं, आणि 2018 मध्ये तिनं आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकलं. 2023 मध्ये पुन्हा गुडघ्याचं ऑपरेशन, आणि 2024 मध्ये पॅरिसला ती अंतिम फेरीपर्यंत पोचली. पण अशा खेळाडूंच्या मागे रोजचा फिजिओ असतो. आपल्या मागे आर्वी-वर्धा एसटी!

दोन्ही डॉक्टर शहाणे, मग मत वेगळं का? फिजिओथेरपिस्ट ताईंनी आम्हाला समजावून सांगितलं. स्वीडनमध्ये 121 तरुणांवर एक अभ्यास झाला, 2010 साली तो छापून आला. 62 जणांचं ऑपरेशन लवकर केलं. 59 जणांना आधी व्यायाम दिला आणि गरज पडली तरच ऑपरेशन करायचं ठरवलं. पाच वर्षांत त्या 59 पैकी 30 जणांना ऑपरेशन करावं लागलं, बाकीच्यांचं त्याविना निभावलं. आणि दोन्ही गटांचे गुडघे साधारण सारखेच राहिले. व्यावसायिक खेळाडू मात्र त्यात नव्हते. पुढे 2022 मध्ये ब्रिटनचा 316 जणांचा अभ्यास आला. त्यातल्या लोकांची दुखापत जुनी होती आणि गुडघा सारखा दगा देत होता. तिथे ऑपरेशनवाल्यांना जास्त फायदा झाला.

म्हणजे घाईही नको आणि वर्षानुवर्षं लटकत ठेवणंही नको. आम्ही व्यायामाचा रस्ता धरला. सूज उतरवणं, गुडघा पूर्ण सरळ करणं, मांडीचे स्नायू बळकट करणं. हे सगळं ऑपरेशन झालं तरी लागणारच होतं, त्यामुळे काहीच वाया जाणार नव्हतं.

साडेतीन महिन्यांनी ती सरळ रेषेत छान पळू लागली. भरतीत मुलींना 800 मीटर, 100 मीटर आणि गोळाफेक असते; मैदानीचे 50 गुण. तिचे बाबा म्हणाले, "भरती होऊन जाऊ दे, मग बघू." मलाही ते पटलं होतं. घरात नोकरीची गरज आहे, आणि एक भरती हुकली की पुढची कधी निघेल याचा नेम नसतो. पण वळताना गुडघा दोनदा सटकला. एकदा तर नुसतं स्कूटरवरून उतरताना. प्रत्येक सटकण्यात आतली गादी फाटायची भीती.

त्या रात्री ती म्हणाली, "बाबा, भरतीत सरळ पळायचंय हे खरं. पण वर्दी अंगावर चढल्यावर चोर काय सरळ रेषेत पळणार आहे?" आम्ही दोघंही गप्प झालो. गुडघा तिचा, पुढची चाळीस वर्षंही तिचीच.

ऑपरेशन दुर्बिणीतून झालं. तिच्याच मांडीमागची शीर घेऊन नवी दोरी बसवली. यंदाची भरती गेली. आज सहावा महिना आहे. हळू पळणं सुरू झालंय. कबड्डी मात्र निदान नऊ महिने नाही, आणि नंतरही दोन्ही पायांची ताकद मोजूनच. तरुण खेळाडूंमध्ये ती पुन्हा तुटण्याचा धोका असतो, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. भीती आहेच, पण व्यायाम रोज चालू आहे.

आपल्याच ले-आउटातल्या एका काकूंची हीच दोरी तुटली होती. त्यांनी ऑपरेशन केलं नाही. व्यायाम केला, आज जिने चढतात, बाजार करतात, गुडघा सटकत नाही. त्यांचंही बरोबर आणि हिचंही बरोबर. रिपोर्ट सारखा असला तरी पायाकडून घ्यायचं काम वेगळं असतं.

म्हणून कुणावर वेळ आली तर डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा. माझ्या कामाला, माझ्या खेळाला ही दोरी किती लागते? मी थांबलो तर काय बिघडू शकतं? ऑपरेशननंतर व्यायाम किती महिने, आणि तो इथं कोण करून घेईल? गुडघा मध्येच अडकत असेल, सरळच होत नसेल, तर मात्र थांबू नका, लगेच दाखवा. सेवाग्राम आणि सावंगी, दोन मेडिकल कॉलेजं आपल्याच जिल्ह्यात आहेत. खर्च सरकारी योजनेत बसतो का, ते दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला आधीच विचारून ठेवा.

आणि संचालक मंडळाला एक विनंती. आपल्या ओपन स्पेसमध्ये पोरं संध्याकाळी येतात आणि थेट खेळायला लागतात. आधी दहा-पंधरा मिनिटं वॉर्म-अप, उडी मारून गुडघा वाकवून उतरायची सवय, एका पायावर तोल सांभाळणं, एवढं नियमित केलं तर अशा दुखापती कमी होतात. ते शिकवायला माझी लेक तयार आहे. सध्या तिला तेवढंच मैदान मोकळं आहे.