नळी नसलेले पिस्तूल



आमचे शिक्षण लेथपाशी आणि युनियनच्या कचेरीत झाले. म्हणून पिस्तुलाविषयी बोलताना आम्ही ते झाडणाऱ्याची नव्हे, घडवणाऱ्याची हकीकत सांगणार आहोत.

पोलंड आपल्याला अगदीच परका नाही. दुसऱ्या महायुद्धात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांना कोल्हापूरजवळच्या वळीवड्यात आसरा मिळाला होता. त्याच काळात त्यांच्या मायदेशी, राडोम शहरी, काय चालले होते ते ऐका.

राडोमला शस्त्रांचा सरकारी कारखाना होता. तेथे पोलिश सैन्यासाठी १९३५ च्या नमुन्याचे ‘विस’ पिस्तूल बने. नऊ मिलिमीटरचे, आठ गोळ्यांचे. ‘विस’ म्हणजे लॅटिन भाषेत बळ. युद्धापूर्वी अशी पन्नास हजारांच्या आसपास पिस्तुले झाली. सप्टेंबर १९३९ मध्ये जर्मनीने पोलंड गिळला आणि कारखाना ऑस्ट्रियातील श्टायर कंपनीच्या हाती गेला. कामगार तेच, यंत्रे तीच. माल मात्र आता शत्रूच्या सैन्याला. पुढच्या पाच वर्षांत तीन लाखांहून अधिक पिस्तुले निघाली. युद्ध लांबले तसे काही भाग गाळले गेले, कामातली सफाई उतरली.

जर्मनांना एक धास्ती होती. पुरते पिस्तूल राडोमला बनले, तर ते संध्याकाळी कोणाच्या तरी सदऱ्याखालून बाहेर पडेल! म्हणून त्यांनी नळी ऑस्ट्रियात करून तेथेच बसवायची व्यवस्था केली. नळीवाचून पिस्तूल म्हणजे नुसते लोखंड. पण कामगारांनी एकेक भाग बाहेर काढला, भूमिगतांनी गुप्त कार्यशाळांत नळ्या घडवल्या, आणि जुळवलेली पिस्तुले पोलिश गृहसेनेकडे गेली.

याची किंमत जबर पडली. ऑक्टोबर १९४२ मध्ये राडोम व आसपास पन्नास जणांना जाहीर फाशी देण्यात आली. त्यांत या कारखान्याचे कामगार होते. काहींना तर कारखान्यासमोरच लटकावले, म्हणजे पाळीवर येणाऱ्यांनी पाहावे.

आता आमची गोष्ट. पुष्कळ वर्षांपूर्वी पाळी सुटताना फाटकावरच्या झडतीत आमच्या एका सोबत्याच्या डब्यात मूठभर स्क्रू सापडले. त्याची नोकरी गेली. चोरी ती चोरी, असे म्हणून आम्ही त्याची बाजू घेतली नाही. तो निर्णय आम्हांला आजही चुकीचा वाटत नाही. पण राडोमची हकीकत वाचल्यापासून तो पूर्वीइतका सोपाही वाटत नाही. तिथल्या कामगाराने नेलेला भाग बाजारात विकला गेला नाही. हिसकावून घेतलेली वस्तू त्याने धन्याला, म्हणजे आपल्या देशाला, परत केली. कृत्य दिसायला एकच, पण त्याचा न्याय करण्याआधी कारखाना कोणाचा आणि माल कोणावर चालणार, हे विचारावे लागते.

आणि ज्यांनी काहीच नेले नाही, पोराबाळांच्या भाकरीसाठी मान खाली घालून शत्रूची पिस्तुले घडवली, त्यांचे काय? बंधूंनो, त्यांना दोष देण्याची आमची छाती नाही. समोर फास लटकत असताना यंत्रावर उभे राहण्याची पाळी आमच्यावर कधी आलेली नाही. मात्र आपल्या हातचा माल कोठे जातो, हे विचारायला आज आपल्याला कोणी फाशी देत नाही. तेवढे तरी विचारत जाऊ या.