‘थ्रेशर’ पाणबुडीचे सांधे



सोनाराने दागिन्याला डाख दिला, म्हणजे आपण तो उजेडात धरून पाहतो, आणि सांध्यावर चीर दिसली नाही की समाधान मानतो. डाख आत सर्वत्र उतरला आहे, की केवळ काठाशीच थिजला आहे, हे डोळ्यांना कळत नाही. दागिन्याच्या बाबतीत त्याने मोठेसे बिघडत नाही. सांधा उकलला तर पुन्हा सोनाराकडे जाता येते. परंतु समुद्राच्या पोटात, शेकडो मीटर पाण्याखाली असा सांधा उकलला तर काय होईल? हा प्रश्न अमेरिकेच्या ‘थ्रेशर’ ह्या अणुशक्तीवर चालणाऱ्या पाणबुडीने जगापुढे मांडला. तिची हकीगत आज सांगावयाची आहे.

जुन्या पाणबुड्यांची डिझेल इंजिने हवेवाचून चालत नसत. पाण्याखाली त्यांना विजेच्या बॅटऱ्यांवर विसंबावे लागे, आणि त्या उतरल्या की वर येणे भाग पडे. अणुभट्टीला हवा लागत नाही. युरेनियमच्या अणूंचे विभाजन होऊन उष्णता निर्माण होते, तिने पाण्याची वाफ होते आणि ती वाफ टर्बाइन फिरविते. १९५५ च्या जानेवारीत ‘नॉटिलस’ ही जगातील पहिली अणुपाणबुडी ह्याच बळावर समुद्रावर निघाली. तिच्यानंतरचे मोठे पाऊल म्हणजे ‘थ्रेशर’. तिने अधिक खोल जावे व अधिक निःशब्दपणे जावे, अशी योजना होती. मेन राज्यातील किटरी येथील आरमारी गोदीत २८ मे १९५८ रोजी तिच्या बांधणीस आरंभ झाला. ९ जुलै १९६० रोजी ती पाण्यात उतरली आणि ३ ऑगस्ट १९६१ रोजी आरमारात दाखल झाली. लांबी सुमारे ८५ मीटर, आणि बुडण्याची ठरलेली मर्यादा सुमारे ४०० मीटर.

चारशे मीटर खोलीवर प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारे ४० किलो भार पडतो. पोलादी कवच तो सोसते. परंतु वापरलेली वाफ थंड करून तिचे पुन्हा पाणी करण्यासाठी समुद्राचे पाणी नळांवाटे आत घ्यावेच लागते, आणि त्या नळांत समुद्राचा तोच भार असतो. ‘थ्रेशर’मधील अशा नळांचे सुमारे ३,००० सांधे चांदीच्या डाखाने जोडलेले होते.

तिची नोकरी अल्पकाळाची ठरली. नोव्हेंबर १९६१ मध्ये पोर्तो रिको बेटावरील सान हुआन बंदरात भट्टी बंद असताना तिचे डिझेल जनित्र बिघडले, बॅटरी उतरली आणि आतील उष्णता असह्य झाली. शेजारी दुसरी पाणबुडी आणून तिच्याकडून वीज घ्यावी लागली. १९६२ मध्ये जवळपास स्फोट घडवून तिचा कणखरपणा पारखण्यात आला, आणि त्या उन्हाळ्यात ती दुरुस्तीसाठी स्वतःच्या गोदीत परतली.

तेथे ध्वनिलहरींच्या नव्या उपकरणाने १४५ सांधे तपासण्यात आले. त्यांपैकी सुमारे १४ टक्के, म्हणजे वीसएक सांधे, कच्चे निघाले. १४५ मध्ये २०, तर ३,००० मध्ये किती? हे त्रैराशिक शाळेतील मुलगाही सोडवील; उत्तर चारशेच्या घरात येते. तथापि बाकीचे सांधे न तपासताच नौका समुद्रावर गेली.

१० एप्रिल १९६३ रोजी सकाळी केप कॉडच्या पूर्वेस सुमारे ३५० किलोमीटरवर ‘थ्रेशर’ने खोल बुडी घेण्याची चाचणी सुरू केली. नौकेवर १२९ जण होते. त्यांत १७ मुलकी तंत्रज्ञ. वर ‘स्कायलार्क’ हे सोबतीचे जहाज थांबले होते. नऊच्या सुमारास खालून निरोप आला की किरकोळ अडचण उद्भवली आहे, नाळ वर उचलली आहे आणि टाक्यांतील पाणी हवेने बाहेर लोटण्याचा प्रयत्न चालू आहे. त्यानंतर काही अस्पष्ट शब्द आले, आणि मग नौका चिरडल्याचा आवाज. अवशेष अडीच हजार मीटरांहून अधिक खोलीवर सापडले. एकही जण वाचला नाही.

चौकशी मंडळाने असा संभव वर्तविला की इंजिनाच्या भागातील एक सांधा फुटला, पाण्याच्या फवाऱ्याने विजेची यंत्रणा बिघडली आणि भट्टी बंद पडली. तिच्या जातीच्या ‘टिनोसा’ पाणबुडीवर धक्क्याशी प्रयोग केला असता आणखी एक गोष्ट उघड झाली. दाबलेली हवा एकाएकी सुटली की अतिशय थंड होते. तिच्यातील ओलाव्याचा बर्फ गाळण्यांत साचून वाटच बंद झाली. नौका वर आणणारा शेवटचा उपायही असा फसला असावा. आवाजांच्या नोंदींवरून पुढे काही तज्ज्ञांनी असेही प्रतिपादले की आरंभ पाण्याने नव्हे, विजेच्या बिघाडाने झाला. हा वाद राहील. परंतु कच्च्या सांध्यांची ती आकडेवारी नौका निघण्यापूर्वी कागदावर होती, ह्याविषयी वाद नाही.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अमेरिकन आरमाराने ‘सबसेफ’ नावाची शिस्त घालून दिली. समुद्राचा भार सोसणाऱ्या प्रत्येक भागाची धातू कोणती, जोडला कोणी, तपासला कोणी, ह्याचा लेखी पुरावा असल्यावाचून पाणबुडीला खोल जाण्याची अनुज्ञा मिळत नाही. ‘तपासले असेल’ हे उत्तर तेथे चालत नाही. १९१५ ते १९६३ ह्या काळात युद्धाव्यतिरिक्त कारणांनी त्या आरमाराच्या १६ पाणबुड्या गेल्या होत्या. त्यानंतर एकच गेली: १९६८ मधील ‘स्कॉर्पियन’, ९९ जणांसह, आणि तिला ‘सबसेफ’चा दाखला मिळालेला नव्हता.

आपणांपैकी पुष्कळांच्या हाती पाणबुडी नसेल. परंतु पुलाचे काम, औषधाची बाटली, विजेची तार किंवा मुलांनी भरलेली बस कोणाच्या ना कोणाच्या हाती असतेच. थोडे नमुने पाहून त्यांत दोष आढळला, तर उरलेले पाहण्याचे काम तेथेच सुरू होते. ते गैरसोयीचे असते, त्यास पैसा लागतो आणि ठरलेली तारीख पुढे जाते. ‘थ्रेशर’च्या बाबतीत ते काम झाले, पण १२९ माणसे गेल्यावर. आपल्याला ते आधी करता येईल, इतकेच सांगून मी आपली रजा घेतो.