खाडीकाठचं आगर

पॅसिफिक महासागरातल्या पॉलिनेशियन भाषांमध्ये जमिनीसाठी एकच जुना शब्द नांदतो. ताहितीत आणि माओरीत फेनुआ, टोंगात फोनुआ, सामोआत फानुआ, हवाईत होनुआ. माओरी भाषेत तर जमीन आणि बाळाची वार या दोन्हींना हाच शब्द आहे. माणसं होड्यांतून बेटामागून बेट वसवत गेली आणि शब्दही सोबत गेला.

आपल्या किनाऱ्यावरही असा एक शब्द आहे : आगर. वसई-नायगावच्या खाडीकाठी आगर म्हटलं की मिठागर. भरतीचं पाणी बांधाआड घ्यायचं, कोंडीतून कोंडीत फिरवत उन्हात आटवायचं, आणि शेवटच्या वाफ्यात मीठ धरलं की ओढून रास घालायची. गोव्यातही मिठागरच म्हणतात. गुहागरकडे मात्र आगर म्हणजे नारळी-पोफळीची बाग. आगरी समाजाचं नावही याच शब्दाशी जोडलं जातं.

मीठ असो वा नारळ, किनाऱ्याची जमीन कष्टानं पिकती करण्याचं ज्ञान या शब्दात साठलं आहे. वसई-विरारमध्ये आज वेगानं इमारती उभ्या राहत आहेत. म्हणून विसरली जाण्याआधी आपल्या गावातल्या आगरांची, वाड्यांची, बांधांची नावं घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा आणि वहीत लिहून ठेवा.