फोन बदलताना

घर बदलताना आपण फडताळ, माळा, कोनाडे दोनदा तपासून पाहतो. मग कुलूप लावतो. फोन बदलताना मी तेवढाही वेळ दिला नाही, त्याची ही हकिकत.

२०२१ साल. पुण्याच्या भाच्याने आपला वापरलेला आयफोन सोलापूरला आणून माझ्या हातात ठेवला. म्हणाला, "मामू, आता हा वापरा." तोवर मी अँड्रॉइडवाला. त्याने नावे, नंबर, फोटो तासाभरात नव्या फोनवर आणले. या कामासाठी ॲपलने २०१५ मध्येच एक ॲप काढलेले आहे. माझ्या कविता मी गुगलच्या 'कीप'मध्ये लिहीत असे. त्या खात्यात असतात, फोनमध्ये नव्हे. पासवर्ड टाकताच त्या हजर झाल्या.

अडचण आली ती 'ळ'ची. नव्या कळफलकावर तो चटकन सापडेना. आमच्या घरच्या दखनीत 'ळ' नाही. तो मला मराठी शाळेने दिला आणि पुढे त्याच्यावाचून माझी कविता कधी झाली नाही. बोटांना त्याची नवी जागा कळायला आठवडा लागला.

जुना फोन मी पुसून शेजारच्या मुलीला दिला. शाळा ऑनलाइन चालल्या होत्या आणि तिच्याकडे फोन नव्हता. चांगले काम झाले, या समाधानात मी होतो.

चार दिवसांनी अम्मीची बरसी आली. तिला लिहिता येत नव्हते. ती व्हॉट्सॲपवर बोलून निरोप पाठवायची. "खाना खाया क्या?", "दवा लिया क्या?" एवढेच. तिचा आवाज ऐकावा म्हणून फोन उघडला, तर तिच्या नावापुढे काहीच नव्हते. तिचा स्वतःचा फोन तिच्यामागे पडून पडून बंद झालेला.

भाच्याने समजावून सांगितले. अँड्रॉइडवरच्या गप्पांची प्रत गुगलकडे राहते, आयफोनवरच्यांची ॲपलच्या आयक्लाउडवर. एका कपाटाची किल्ली दुसऱ्याला लागत नाही. अँड्रॉइडवरून आयफोनवर गप्पा नेण्याची अधिकृत सोय व्हॉट्सॲपने २०२२ मध्ये आणली. म्हणजे मी वर्षभर आधी घाई केली होती. पण दोष सोयीचा नव्हे, माझाच. एकेका माणसाशी झालेल्या गप्पा आवाजासकट स्वतःला मेल करता येतात. ती सोय तेव्हाही होती. मी पाहिलीच नाही.

अक्कलकोटच्या बहिणीला सांगताना मला रडू आवरले नाही. ती म्हणाली, "भाईजान, एक माझ्याकडे आहे. तुम्हीच धाडला होता." एका ईदला अम्मीने शीरखुर्म्यात खारीक किती घालायची ते सांगितले होते. तो निरोप मी बहिणीकडे पुढे पाठवला होता. चाळीस सेकंदांचा. माझ्याजवळ जपून ठेवलेले सगळे गेले आणि दुसऱ्याला दिलेले तेवढे उरले.

तेव्हा मला श्रीगोंद्याच्या शेख महंमदांचा 'योगसंग्राम' आठवला. सतराव्या शतकातला हा ग्रंथ. त्याला छापखान्याचा आधार नव्हता. कुणीतरी पोथी उतरवून घेतली, जपली, पुढच्याला दिली, म्हणून तो आपल्या हाती आला. एकाच घरात राहिलेल्या पोथ्या वाळवीने किती खाल्ल्या असतील, त्याची मोजदाद कोण करणार?

फोन कोणताही घ्या, मला त्यात वाद नाही. आता गप्पाही नेता येतात. मात्र नवा आयफोन कोरा असताना, सुरुवातीलाच ते काम करावे लागते. जुना फोन महिनाभर पुसू नका. आणि ज्या माणसाचा आवाज पुन्हा मिळणार नाही, त्याचा निरोप आजच आणखी कुणाकडे तरी पाठवून ठेवा.

अम्मीचे ते चाळीस सेकंद आता आमच्या पाच घरांत आहेत. ईदच्या सकाळी पाचही घरांत ते लावले जातात. खारीक मात्र प्रत्येक घरात वेगवेगळीच पडते.