दोन रकान्यांची वही



आधी आमचीच फजिती सांगतो. बचतगटाचा महिन्याचा हिशेब आम्ही संगणकावर लिहिला. बंद करताना पडद्यावर इंग्रजीत प्रश्न आला : ‘सेव्ह’ की ‘डोन्ट सेव्ह’? अर्थ कळेना. विचारायची लाज वाटली. दाबलं दुसरंच बटण. सगळा हिशेब गेला!

त्या दिवशी आम्ही वहीत दोन रकाने पाडले. डावीकडे इंग्रजी शब्द. उजवीकडे त्याचं काम, आपल्या भाषेत. सेव्ह : जपून ठेव. ओपन : उघड. कॉपी : नक्कल कर. डिलीट : काढून टाक. रोज पाचच शब्द. उजवा रकाना झाकायचा, अर्थ आठवायचा, मग ताडून पाहायचा.

आणि भ्यायचं कशाला? यंत्राला ना इंग्रजी येते, ना मराठी. त्याचं काम ० आणि १ या दोन खुणांवर चालतं. म्हणून अक्षरांना क्रमांक दिले आहेत. ‘युनिकोड’ या यादीत इंग्रजी मोठ्या ‘ए’चा क्रमांक ६५, आपल्या ‘अ’चा २३०९. यंत्राला दोन्ही सारखेच.

तेव्हा अडलं तर विचारा, आणि लगेच टिपून ठेवा. आम्ही तो हिशेब पुन्हा लिहिला. या खेपेला बटण बरोबर दाबलं!