जुन्या भिंतीला सिमेंट मारण्याआधी

लोकलमध्ये उभे असाल, भांडी घासत असाल, कुठेही असाल, आज बोलूया भिंतीतल्या ओलीबद्दल. तेही जुन्या, गावाकडच्या भिंतींच्या.

सुरुवात ओल्ड गोव्यापासून करू. तिथली बॉम जेझूस बॅसिलिका आपल्या सगळ्यांच्या फोटोत लाल दिसते. पण १५९४ साली काम सुरू होऊन १६०५ मध्ये ती वापरात आली, तेव्हा भिंतींचा चिरा असा उघडा नव्हता. त्यावर चुन्याचा गिलावा होता. १९५० च्या दशकात पोर्तुगीज राजवटीत तो काढला गेला आणि आतला दगड दिसू लागला. तेव्हापासून दरवर्षी गोव्याचा पाऊस थेट त्या चिऱ्यावर पडतोय. दर्शनी भागावरचं कोरीव काम वसईहून आणलेल्या काळ्या दगडाचं आहे. तो घट्ट असतो, पाणी फारसं पीत नाही. चिरा मात्र छिद्राछिद्रांचा, म्हणून तो झिजतोय. पुन्हा गिलावा करावा का, यावर गोव्यात वाद चालू आहे, कारण लोकांना आता लाल रंगाचीच सवय झालीय.

म्हणजे गिलावा हे भिंतीचं इरलं आहे. पाऊस अंगावर घेतो, झिजतो, आणि काही वर्षांनी नवा करायचा. दगड शाबूत राहतो.

मग कोणी म्हणेल, इरलंच हवं तर सिमेंटचं करूया की, मजबूत! खरी गडबड इथेच होते.

जुन्या भिंतीला सहसा खाली ओल अडवणारा थर नसतो. जमिनीतलं पाणी दगडाच्या, विटेच्या बारीक छिद्रांतून वर चढतं, चहात बिस्कीट बुडवल्यावर चहा चढतो तसं. ते हात-दोन हात चढतं आणि पृष्ठभागावरून उडून जातं. पाणी आत येणं आणि बाहेर जाणं यांचा हिशेब जुळला, की भिंत शंभर वर्षं उभी राहते. चुना हे होऊ देतो, कारण त्यातून वाफ बाहेर पडते. सिमेंटचा गिलावा किंवा वॉटरप्रूफ रंग लावला, की बाहेर जायची वाट बंद होते. खालून येणारं पाणी काही थांबत नाही. ते आणखी वर चढतं. सोबत क्षार आणतं. पाणी उडालं की क्षारांचे खडे होतात आणि ते आतून दगड फोडतात. आजी ज्याला ‘भिंतीला लोणा लागलाय’ म्हणते, ते हेच.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या घराचंच सांगतो. काही वर्षांपूर्वी चिऱ्याच्या भिंतींना सिमेंटचा गिलावा झाला. तेव्हा ओल गुडघ्यापर्यंत होती. आता कमरेपर्यंत आलीय, पोपडे पडतायत, आणि माजघराच्या दाराची सागवानी चौकट खालून कुजायला लागलीय. त्याच खोलीत आजी झोपते. फॅमिली ग्रुपवर काकांनी कोटेशन टाकलं: पुन्हा सिमेंट, वर वॉटरप्रूफ रंग, दहा वर्षांची गॅरंटी. मी लिहिलं, “काका, हा बग फिक्स नाही, नुसता एरर मेसेज लपवणं आहे.” काकांचं उत्तर आलं, “तू तुझा लॅपटॉप लाव भिंतीला.” बरोबरच आहे त्यांचं. चुन्याचं काम करणारा गवंडी सहज मिळत नाही, वेळ लागतो, आणि गावी राहून ते सगळं बघणार तेच.

म्हणून मी वाद थांबवून क्रम लिहून पाठवला. तुम्हीही स्क्रीनशॉट काढा.

एक, पाणी कुठून येतंय ते शोधा. छपराची फुटकी कौलं, तुंबलेली पन्हाळ, गळका पाईप, जोत्यापेक्षा उंच झालेली बाहेरची माती, भिंतीलगत केलेला काँक्रीटचा कोबा. बरीच ओल इथेच आटोक्यात येते, खर्चही कमी.

दोन, भिंतीवर प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेप लावून दोन दिवस ठेवा. भिंतीकडच्या बाजूला थेंब दिसले तर ओल भिंतीतून येतेय. खोलीकडच्या बाजूला दिसले तर हवेतला दमटपणा आहे, खिडक्या उघडा.

तीन, सिमेंट हाताने, छिन्नीने, थोड्या जागेवर काढून बघा. सोबत दगडाचे टवके निघायला लागले तर थांबा.

चार, भिंत सुकू द्या. जाड भिंतीला कित्येक महिने लागतात. इथेच सगळ्यांचा धीर सुटतो.

पाच, मग चुना आणि वाळूचा गिलावा, पातळ थरांत, प्रत्येक थर काही दिवस ओलसर ठेवून. दगडांमधले सांधेही चुन्यानेच भरा. सांधा दगडापेक्षा मऊच हवा, म्हणजे झीज सांध्याची होते, दगडाची नाही.

आणि भिंत फुगली असेल किंवा भेग रुंद होत असेल, तर व्हिडिओ बघून काही करू नका. जुन्या बांधकामाचा अनुभव असलेला इंजिनिअर बोलवा.

आमच्याकडे ठरलंय असं: पन्हाळ आणि माती या पावसाळ्याआधी. दिवाळीनंतर मागच्या पडवीची एकच भिंत सोलून सुकवायची, आणि चुना त्यानंतर. काका म्हणाले, “एक पावसाळा काढू दे तिला, मग बाकीचं बोलू.” मला मान्य आहे. प्रॉडक्शनवर टाकण्याआधी टेस्टिंग हवंच!

तुमच्या घरी ओल किती उंच आलीय? भिंतीवर पेन्सिलीने खूण करा, तारीख लिहा, आणि पावसाळ्यानंतर परत बघा. खूण ओलांडून ओल वर गेली असेल, तर घरात हा विषय काढायची वेळ आलीय. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.